एका वर्गात दोन प्राध्यापक

महाविद्यालयाचे वेळापत्रक हा मोठा नीटनेटका कागद असतो. तळमजल्यावर रसायनशास्त्र, शेजारच्या खोलीत अर्थशास्त्र, वरच्या मजल्यावर मराठी. घंटा झाली की एक प्राध्यापक बाहेर पडतात, दुसरे आत येतात आणि फळा पुसला जातो. ह्या व्यवस्थेत वावगे काही नाही. एखाद्या विषयाच्या तळाशी जायचे, तर त्याला वेगळी जागा आणि वेगळा वेळ द्यावाच लागतो. पण ह्या व्यवस्थेत वाढलेल्या मुलाची हळूहळू अशी समजूत होऊन बसते, की जगही असेच खोल्याखोल्यांचे बांधलेले आहे.

जग तसे नाही, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. पाऊस लांबला की पेरणीचा प्रश्न, बियाण्याचा प्रश्न, सोसायटीच्या कर्जाचा प्रश्न आणि मुलीच्या लग्नाचा प्रश्न हे चारही एकाच दारातून घरात येतात. ते काही शास्त्राशास्त्राने रांग लावून येत नाहीत. मग जी मुले उद्या अभियंता, अधिकारी, शिक्षक किंवा कारखान्यातले व्यवस्थापक म्हणून अशा प्रश्नांवर निर्णय घेणार, त्यांना हे प्रश्न एकत्र पाहण्याची सवय कोठे लागावी? ती महाविद्यालयातच लागावी, आणि त्यासाठी एका वर्गात दोन वेगवेगळ्या विषयांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून एकच प्रश्न शिकवावा, अशी सूचना आज आपल्यापुढे ठेवायची आहे.

ह्या सूचनेला सध्या एक निमित्त आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात तो स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला. तीन वर्षे पुरी करून नेहमीची पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष पुरे केले तर 'ऑनर्स' पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करण्याची वाट मोकळी आहे. म्हणजे आपल्या विषयात तीन वर्षे मुरलेला, आणखी शिकण्याची हौस असलेला विद्यार्थी एक वर्ष आपल्या हाती लागणार आहे. त्या वर्षाचे काय करायचे? तीच टिपणे थोडी जाड करून द्यायची, की काही वेगळे करायचे?

वेगळे करायचे ठरले, तर पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा हे त्यासाठी आयते शेत आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी ह्या गावांच्या शिवारांत कारखाने उभे राहत गेले. १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे उद्योग इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकले. ज्या चाकणच्या संग्रामदुर्गावर १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या फौजेला पन्नासहून अधिक दिवस थोपवून धरले, आणि ज्या चाकणचे नाव कांद्याच्या बाजारासाठी घेतले जाते, त्याच चाकणच्या आसपास आज मोटारी तयार होतात. एका पिढीच्या आयुष्यात नांगराची जमीन कारखान्याची झाली. ह्या पट्ट्यातला कुठलाही प्रश्न उचला, त्याला दोन-तीन शास्त्रांची मुळे फुटलेली दिसतील.

पिंपरीच्या ह्या पहिल्या कारखान्याचेच उदाहरण घेऊ. पेनिसिलिनचा गुण १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांच्या लक्षात आला. ते जंतुशास्त्रज्ञ. बुरशीभोवतीचे जंतू मरतात हे त्यांनी पाहिले. पण ते मारणारे द्रव्य शुद्ध करून टिकवणे त्यांना साधले नाही. गोष्ट दहा-बारा वर्षे तेथेच थांबली. पुढे ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी हे विकृतिशास्त्रज्ञ आणि अर्न्स्ट चेन हे जीवरसायनशास्त्रज्ञ एका कामाला जुंपले गेले. त्यांच्या जोडीला नॉर्मन हीटली हे हुन्नरी गृहस्थ होते. त्यांनी बुरशी वाढवायला रुग्णांच्या शौचाच्या भांड्यांपर्यंत काय मिळेल ते वापरले आणि औषध वेगळे करण्याची युक्ती बसवली. तेव्हा कोठे पेनिसिलिन माणसाला टोचता आले. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन ह्या तिघांना मिळून मिळाले.

तेच पेनिसिलिन पिंपरीला करायचे, तर त्याच तऱ्हेचे माणूसबळ लागले. टाकीतल्या बुरशीची निगा जीवशास्त्र शिकलेल्याने राखायची, टाकीत निर्जंतुक हवा सोडण्याची सोय अभियंत्याने पाहायची, आणि तयार झालेले औषध रसायनज्ञाने गाळून वेगळे काढायचे. एकाने म्हटले, माझे काम झाले, आता माझा संबंध नाही, तर सारी टाकी वाया. बुरशीजन्य रोगांवरचे हॅमायसिन हे औषध १९६० च्या दशकाच्या आरंभी ह्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेतून पुढे आले. सांगायचे ते एवढेच, की कारखान्याच्या फाटकाच्या आत जी गोष्ट रोजची आहे, ती शेजारच्या महाविद्यालयात मात्र अपूर्वाईची ठरते.

आता सूचना नीट मांडतो. ऑनर्सच्या चौथ्या वर्षी एका सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने एक सेमिनार घ्यावा. सेमिनार म्हणजे व्याख्यान नव्हे. हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ रोपे वाढवण्याचा वाफा. मावळातल्या शेतकऱ्याला हा अर्थ चटकन उमगेल. वाफ्यात दाट रोपे एकमेकांच्या आधाराने वाढतात, आणि नंतर त्यांची लावणी होते. सेमिनारमध्ये पंधराच विद्यार्थी असावेत. ते निरनिराळ्या विषयांचे असावेत. ते गोल बसतात, एकच प्रश्न सत्रभर हाताळतात, आळीपाळीने टिपण वाचतात आणि त्यावर चर्चा होते. शिकवायला दोन प्राध्यापक असतात, आणि ते दोन वेगवेगळ्या विद्याशाखांचे असतात. 'आंतरविद्याशाखीय सहअध्यापन' असे ह्याला भारदस्त नाव आहे. आपण 'जोडीने शिकवणे' म्हणू.

ह्यातली मुख्य अट एकच आहे, आणि ती पाळली नाही तर बाकीचे सारे व्यर्थ. दोन्ही प्राध्यापकांनी प्रत्येक बैठकीला हजर राहिले पाहिजे. पहिले सात आठवडे तुम्ही, पुढचे आठ आठवडे आम्ही, अशी वाटणी केली की ती जोडी राहत नाही. ती दोन व्याख्यानमाला होतात आणि विद्यार्थ्याच्या वहीत पुन्हा दोन खोल्या तयार होतात. एक बोलत असताना दुसऱ्याने ऐकले पाहिजे, शंका विचारली पाहिजे, आणि पटले नाही तर मुलांदेखत तसे म्हटले पाहिजे.

उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. इंद्रायणी लोणावळ्याच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते, देहू आणि आळंदीवरून वाहते आणि तुळापूरला भीमेला मिळते. अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या घाटावर नदीच्या पाण्यावर पांढरा फेस पसरल्याची चित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. आषाढी वारीच्या तोंडावरसुद्धा पाहिली आहेत. समजा, सेमिनारचा प्रश्न असा ठेवला: 'आळंदीचे पाणी कशासाठी योग्य असायला हवे, आणि ते तसे करण्याचे काम कोणाचे?' जोडी आहे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांची आणि मराठीच्या प्राध्यापकांची. जोडी ऐकून आपल्याला हसू येईल. रसायन आणि मराठी एकत्र कसे? पण पुढे पाहा.

रसायनशास्त्राचे प्राध्यापक मोजमापाने सुरुवात करतील. पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, तो मोजायचा. पाण्यातली घाण पचवायला सूक्ष्मजंतूंना किती प्राणवायू लागतो, तोही मोजायचा. ह्या दुसऱ्या मापाला जैविक प्राणवायू मागणी म्हणतात, आणि ते जितके मोठे तितके पाणी घाण. नदीत स्नान करण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा आहे, की लिटरमागे विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा आणि जैविक मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. विद्यार्थी बाटल्या घेऊन जातील, नाल्याच्या वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे पाणी आणतील, ते ह्या निकषाला लावून पाहतील. काम चोख झाले, असे सर्वांना वाटेल.

येथे मराठीचे प्राध्यापक एक साधी शंका काढतील: 'स्नानाचाच निकष का लावला?' आळंदी म्हणजे ज्ञानेश्वरांनी १२९६ साली जेथे समाधी घेतली ते गाव. तेथे येणारा वारकरी नुसता बुडी मारून वर येत नाही. तो ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेतो, बाटलीत भरून घरच्या म्हातारीसाठी नेतो. त्याच्या दृष्टीने हे प्यायचे पाणी आहे. मग प्यायच्या पाण्याच्या स्रोताचा निकष काढून पाहावा लागेल. तो अधिक कडक आहे. तेथे जैविक मागणी २ मिलिग्रॅमच्या आत हवी, प्राणवायू किमान ६ मिलिग्रॅम हवा. आतड्यातील घाणीची खूण मानले जाणारे जे कोलिफॉर्म जंतू, ते स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत चालतात. येथे ५० च्या वर चालत नाहीत. आणि एवढे करूनही ते पाणी निर्जंतुक करूनच प्यावे असे शास्त्र सांगते. पाणी तेच आणि बाटलीही तीच. पण माणूस त्या पाण्याचे काय करतो हे कळल्यावर बाटलीतल्या आकड्याचा अर्थ बदलला.

आता मराठीच्या प्राध्यापकांवरही पाळी येईल. रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणतील, 'नदी पवित्र आहे असे आपण शतकानुशतके म्हणत आलो; मग तिच्यात सांडपाणी सोडताना आपला हात का थबकत नाही? की पवित्र वस्तू विटाळत नाही ह्या समजुतीनेच आपण निर्धास्त झालो?' ह्या प्रश्नाला संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला विचार करूनच उत्तर द्यावे लागेल. मग फेस नेमका कशाचा, कपडे धुण्याच्या साबणचुऱ्याचा की कारखान्याचा, वस्तीला गटार नसेल तर दोष वस्तीचा की नगररचनेचा, १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने कोणावर काय जबाबदारी टाकली आहे, असे एकेक धागे निघत जातील. त्यासाठी एखाद्या बैठकीला कायद्याचे जाणकार, एखाद्या बैठकीला कारखान्यातले सांडपाणी-शुद्धीकरण पाहणारे तंत्रज्ञ बोलावता येतील. परंतु सत्रभर तांडेलकी त्या दोघांकडेच राहील.

विद्यार्थ्याला ह्यातून काय मिळाले? दोन विषयांची माहिती मिळाली, हा लहान लाभ. मोठा लाभ असा, की दोन विद्वान माणसे एकमेकांचा मान राखून कशी भांडतात, पुराव्यापुढे कोण कसा मागे सरतो, आणि आपल्याला अमुक एक ठाऊक नाही हे प्राध्यापकही कसे सांगतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. एकट्या प्राध्यापकाच्या वर्गात हे पाहायला मिळणे कठीण. तेथे शंका फक्त विद्यार्थ्याला असतात आणि उत्तरे फक्त प्राध्यापकाला.

हे केवळ कागदावरचे मनोरथ नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर ही ह्या कामातली मोठी नावे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या ह्या शेतकरी वस्तीचे चित्र एकट्या पुरातत्त्वज्ञाला रेखाटता आले नसते. जळालेले धान्य वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळखले, जनावरांची हाडे प्राणिशास्त्राच्या जाणकाराने तपासली, माणसांचे सांगाडे आणि दात मानवशास्त्रज्ञाने पाहिले. उत्तरकाळात प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, तेव्हा त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडता आला तो ह्या सगळ्यांनी आपापला पुरावा एका चटईवर मांडला म्हणून. खड्डा एक, आणि भोवती बसलेली शास्त्रे चार.

दुसरे उदाहरण चाकणहून फार दूर नाही. पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तेथे सुतारकाम, लोहारकाम, शेती, वीज, घर आणि आरोग्य ही कामे हाताने करीत शिकतात. तेथे आधी काम येते आणि कामाच्या पोटातून गणित व विज्ञान निघते. शाळा सोडलेल्या मुलाला जे मानवते, ते ७५ टक्के मिळवणाऱ्या मुलाला जड का जावे?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप विद्वानांचा असतो. ते म्हणतात, 'असे केल्याने सगळे थोडे थोडे येईल आणि नीट काहीच येणार नाही.' आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हा सेमिनार पहिल्या वर्षी न ठेवता चौथ्या वर्षी ठेवायचा. मावळात घरोघरी लावला जाणारा इंद्रायणी तांदूळ पाहा. तो आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ ह्यांच्या संकरातून निघाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. एकाचा वास, दुसऱ्याचे उत्पन्न. पण संकर करायचा तर दोन्ही बाजूंचे वाण आधी पक्के असावे लागतात. तीन वर्षे एका विषयात रुजलेला विद्यार्थीच दुसऱ्या विषयाच्या विद्यार्थ्याला काही देऊ शकतो. ज्याच्याजवळ स्वतःचे काही नाही, त्याने देवघेव कशाची करावी?

दुसरा आक्षेप प्राचार्यांचा असतो, आणि तो पैशाचा असतो. एका वर्गाला दोन प्राध्यापक म्हणजे दुप्पट खर्च! हिशेब करून पाहू. समजा, महाविद्यालयात चौथ्या वर्षाचे ६० विद्यार्थी आहेत. पंधरा-पंधराचे चार सेमिनार झाले. प्रत्येक सेमिनार चार श्रेयांकांचा धरू. पंधरा आठवडे, आठवड्याला दोन तासांची बैठक, म्हणजे ३० तास. त्याचे दोन श्रेयांक. आठवड्याला चार तास प्रत्यक्ष पाहणीचे काम, म्हणजे ६० तास. त्याचे दोन श्रेयांक. पाहणीच्या वेळी एकच प्राध्यापक बरोबर असला तरी चालेल. तेवढे काम एकट्याच्या वर्गालाही लागलेच असते. जास्तीचा माणूस लागतो तो बैठकीपुरता. चार सेमिनारांचे आठवड्याला दोन-दोन तास मिळून जास्तीचे तास झाले आठ. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा अध्यापनभार १६ तासांचा असतो. म्हणजे साठ विद्यार्थ्यांमागे ह्या साऱ्या योजनेचा जास्तीचा खर्च, एका सत्रापुरता, अर्ध्या माणसाचा.

तेवढा खर्च मात्र उघडपणे सोसला पाहिजे. दोघांच्याही नावे पूर्ण दोन तास मांडले पाहिजेत. 'दोघे आहात, मग एकेक तास लावतो' असे कार्यालयाने म्हटले, की दुसऱ्याच आठवड्यापासून एक प्राध्यापक घरी राहू लागेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. चांगल्या योजना आपल्याकडे अशा हजेरीपटाच्या रकान्यात अडकून मरतात.

तिसरा प्रश्न परीक्षेचा. कोणाच्या विषयाचे गुण? दोघांनी मिळून एकच गुण द्यावा, आणि शेवटची परीक्षा शक्यतो बाहेरच्या माणसाने घ्यावी. अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयात १९२२ साली फ्रँक आयडलॉट ह्यांनी ऑनर्सचे सेमिनार सुरू केले, तेव्हा बाहेरचे परीक्षक बोलावण्याची प्रथा घातली. तिचा गुण असा, की परीक्षक बाहेरचा असला म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला येतात. आपण त्यात आपली एक भर घालू. विद्यार्थ्यांनी आपला अहवाल मराठीत लिहावा आणि ज्या गावाचा प्रश्न हाताळला, त्या गावच्या लोकांपुढे तो वाचावा. चावडीवर बसलेला माणूस जे प्रश्न विचारतो, ते बहुधा कोणत्याही छापील प्रश्नपत्रिकेत नसतात.

इंद्रायणीखेरीज विषय कोणते घ्यावेत? चाकणचा कांदा घ्या: साठवणीत तो का सडतो हे वनस्पतिशास्त्र सांगेल, सडणार हे माहीत असूनही शेतकरी तो का थांबवून ठेवतो हे अर्थशास्त्र सांगेल. कारखान्यातील यंत्रमानव आणि कंत्राटी कामगार हा विषय घ्या: त्याला पदार्थविज्ञान आणि समाजशास्त्र अशी जोडी हवी. तिसरा विषय पवनेच्या पाण्याचा, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे. कारण ह्या साऱ्या खटाटोपाचे खरे मोल तेथे कळते.

पवना धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून वाहत येते आणि पिंपरी-चिंचवडसाठी ते रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलले जाते. हे पाणी धरणापासून थेट बंद नळातून निगडीपर्यंत आणावे अशी योजना निघाली. नळाच्या बाजूने तांत्रिक युक्तिवाद होता: उघड्या पात्रात पाणी उडते, मुरते, वाटेत घाण होते, नळात ते होत नाही. मावळच्या शेतकऱ्याची बाजू वेगळी होती: पात्र वाहते म्हणून काठच्या विहिरी जिवंत राहतात, मोटारी चालतात, आणि एकदा पाणी नळात गेले की त्यावरचा आपला शब्द संपला. अभियंता ज्याला वाया गेलेले पाणी म्हणतो, त्यातले काही पाणी दुसऱ्याच्या विहिरीत असते. ह्या दोन भाषा एकमेकींना कळल्या नाहीत. ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तिघांचे प्राण गेले.

एका सेमिनारने हे टळले असते, असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. सत्तेचे, पैशाचे आणि हक्काचे प्रश्न वर्गात सुटत नसतात. पण एवढे विचारता येते: अशा योजनेच्या कागदावर सही करणारा अधिकारी विसाव्या वर्षी कधी तरी नदीकाठच्या विहिरीच्या थारोळ्यावर बसून शेतकऱ्याचे म्हणणे टिपून घ्यायला शिकला असता, आणि शेतकऱ्याच्या मुलाने वर्गात बाष्पीभवनाचा हिशेब स्वतः मांडून पाहिला असता, तर निदान दोघांचे बोलणे कोठून सुरू झाले असते? आज ह्या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत दोन्ही प्रकारची मुले एकाच बाकावर बसतात. कोणाच्या आजोबांची जमीन कारखान्यात गेली आहे, कोणाचे वडील दूरच्या जिल्ह्यातून त्याच कारखान्यात पोटासाठी आले आहेत. ही मुले एकमेकांशी आपल्या गावाच्या प्रश्नावर पुराव्याने बोलायला शिकली नाहीत, तर ती मोठी झाल्यावर कोणत्या भाषेत बोलतील?

गावकरी मंडळींनो, ह्यात आपले काम मोठे आहे. पंधरा मुले वह्या घेऊन आपल्या शिवारात आली, तर त्यांना चहा पाजून वाटेला लावू नका. १९७२ च्या दुष्काळात कुठली विहीर आटली नव्हती, ओढ्याला पूर्वी कोणते मासे येत, रसायनाचा वास रात्री कधी येतो, हे ज्ञान कोणत्याही ग्रंथालयात नाही. ते आपल्याजवळ आहे. सेमिनारचे तिसरे गुरुजी आपणच आहात. मात्र मुलांनी 'हे कशावरून?' असे विचारले तर रागावू नका. त्यांना तेच विचारायला शिकवायचे आहे.

आणि शाळेतल्या शिक्षक बंधुभगिनींनो, ऑनर्सच्या वर्गाची वाट पाहण्याचे कारण नाही. नववीच्या वर्गात महिन्यातून दोन तास विज्ञानाच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी एकत्र यावे. गावातल्या दहा विहिरींची नोंद मुलांनी करावी: खोली किती, पाणी किती, विहीर कोणी खणली, तिच्याबद्दल कोणती गोष्ट सांगतात. एका शिक्षकाने मापे तपासावीत, दुसऱ्याने लिहिलेली वाक्ये. आणि पुढच्या वेळी दोघांनी कामे बदलावीत. ह्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि दमडीचाही खर्च नाही. दुसऱ्या शिक्षकाने आपल्या तासाला येऊन बसावे, इतके मन मोकळे मात्र लागते. तेच सर्वांत अवघड, आणि सुरुवात तेथूनच करायची.